कांदा, पावशी आणि धार

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, एका शेतकऱ्याच्या घरी, सकाळी सात वाजता ओसरीवर कांद्याची पाटी ओतली जाते. दुपारी पंचवीस माणसे जेवायला आहेत आणि शेवभाजी, वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी व कांदाभजी असा बेत ठरला आहे. यांतल्या प्रत्येक पदार्थाला कांदा लागतो, पण सारखा चिरलेला लागत नाही. शेवभाजीच्या काळ्या वाटणाचा कांदा सालीसकट विस्तवात भाजला तरी चालतो. भरितात कांद्याची हिरवी पात जाते. शेतात भाकरीबरोबर खायचा कांदा तर बुक्कीने फोडतात, त्याला पाते लागतच नाही. भज्यांसाठी मात्र कांदा उभा, पातळ आणि एकसारखा चिरावा लागतो, कारण जाड काप आतून कच्चा राहतो आणि त्याच घाण्यातला पातळ काप तोवर करपतो. आपल्या हातातले साधन चांगले आहे की नाही, हे या भज्यांच्या कांद्यावर लगेच कळते.

या घरातील आजींपुढे जी विळी आहे, तिला इकडे पावशी असेही म्हणतात. लाकडी पाटावर उभे केलेले, बगळ्याच्या मानेसारखे वळलेले लोखंडी पाते आणि त्याच्या टोकाला नारळ खवण्याची दातेरी खवणी, एवढीच तिची रचना आहे. पाटावर एक पाय रोवून आजी बसतात, शेंडा उडवून कांद्याचे दोन भाग करतात, साल सोलतात आणि अर्धा कांदा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पात्यावर पुढे ढकलतात. सुरीने चिरताना एक हात कांदा धरतो आणि दुसरा सुरी चालवतो. विळीचे पाते जागचे हलत नाही, म्हणून दोन्ही हात कांद्यासाठी मोकळे राहतात. गोल, निसरडा कांदा दोन्ही बाजूंनी धरला गेला की तो घसरत नाही आणि खांद्यापासून येणारा जोर सरळ पात्यावर पडतो. चार-पाच किलो कांदा एका बैठकीत चिरायचा असेल, तर विळीइतके मनगट वाचवणारे दुसरे साधन आम्हांला दिसले नाही.

आता हाच कांदा जवळून पाहू. आजींच्या विळीवरून पडलेला काप उजेडात धरला, तर त्याची कड सरळ दिसते आणि ताटात फारसा रस साचत नाही. शेजारच्या ताटात बोथट सुरीने चिरलेला कांदा आहे. तिथे वरचा पापुद्रा पात्याखाली दुमडला आहे, पाकळ्या एकमेकींपासून सुटल्या आहेत आणि ताटाच्या तळाशी पांढरट पाणी जमले आहे. कांद्यात सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते. धारदार पाते त्यातल्या पेशी कापत जाते, बोथट पाते त्या चिरडते.

डोळ्यांतील पाण्याचे कारणही इथेच आहे. पेशी फुटल्या की कांद्यातील गंधकयुक्त घटक आणि एन्झाइम एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हा वायू तयार करणारे विशिष्ट एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढले. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कांदा चिरताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांचे चित्रीकरण केले, तेव्हा बोथट पात्याने आणि घाईने चिरल्यास थेंब अधिक संख्येने व अधिक वेगाने उडतात असे दिसून आले. आजींना हे सांगितल्यावर त्या हात न थांबवता एवढेच म्हणाल्या, “पावशीले धार पाहिजे, बस.”

दोरी ओढून फिरवायचा चॉपर आज खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. तो कांदा बारीक करतो, काप करत नाही. जास्त फिरवला तर कांद्याचा लगदा होतो आणि भज्यांचे पीठ सैल पडते. कोशिंबिरीला तो चालेल, भज्यांना चालणार नाही. पात्याची पट्टी बसवलेला स्लायसर मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे. एकसारखेपणात तो विळीलाही मागे टाकतो आणि ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांनाही पहिल्याच दिवशी कागदासारखे काप देतो. त्याचा धोका शेवटच्या तुकड्यापाशी असतो. कांदा संपत आला तरी हात त्याच वेगाने पुढे जात राहतो, म्हणून सोबत मिळणारी पकड लावल्याशिवाय तो वापरूच नये, आणि उरलेला तुकडा सरळ वाटणात टाकावा.

ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, त्यांनी विळीचा हट्ट धरू नये. ओट्यावर उभे राहून, लांब पात्याची सुरी आणि न सरकणारी लाकडी फळी घेऊन, कांद्याची सपाट बाजू फळीवर टेकवून चिरले तरी भज्यांचा कांदा उत्तम होतो. फळी सरकत असेल तर तिच्याखाली ओले फडके घालावे. मात्र बाजारात नवे साधन शोधण्याआधी घरातल्या पात्याला धार लावून पाहावी, असे आम्हांला मनापासून वाटते, कारण साधन वाईट म्हणून माळ्यावर टाकलेल्या कितीतरी विळ्या केवळ बोथट झालेल्या असतात.

सायकलवर सहाण बांधून फिरणारा धारवाला आता क्वचितच दारावर येतो. तो येईपर्यंत आजी चिनी मातीची बशी उपडी घालतात आणि तिच्या तळाच्या खरखरीत कडेवर पाते अलगद, एकाच दिशेने घासतात. कांद्याच्या रसाने लोखंड काळवंडते, म्हणून शेवटचा कांदा चिरून होताच त्या पाते धुऊन कोरडे करतात आणि खाद्यतेलाचे बोट फिरवतात. कढईत पहिला घाणा पडतो, तोवर पावशीची घडी होऊन ती नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते.