‘सुरूच हुईना’ म्हणजे नक्की काय?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोटारसायकलची प्राथमिक दुरुस्ती’. मी दुरुस्तीवर बोलणार नाही. ती आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत मिळते आणि चांगली मिळते. मला बोलायचंय ते गाडी बंद पडल्यापासून मिस्त्रीला फोन लावेपर्यंतच्या वेळेबद्दल. त्या वेळात आपण जे उद्योग करतो, त्यानं साधा बिघाड अवघड होऊन बसतो.

बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. इथं फाउंड्र्या उभ्या राहिल्या, ऑइल इंजिनं तयार झाली. त्यामुळं प्रत्येक कोल्हापूरकराला वाटतं, आपण पाना हातात घेऊनच जन्माला आलो. (हशा) गाडी रस्त्याकडेला थांबली की चार तज्ज्ञ गोळा होतात. एकजण प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग म्हणतो, दुसरा त्याला वीज पुरवणारी कॉइल तापल्या म्हणतो, तिसरा न विचारता किक मारायला लागतो. चौथ्याला फक्त ॲव्हरेज किती देते ते हवं असतं.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. अध्यक्षांनी ती आधी ऐकल्या, त्यांनी डोळे मिटले तरी चालतील. पोरगं भर पावसात वडिलांची जुनी, कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या भागाची) गाडी घेऊन गगनबावड्याला निघालं. तिथं पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. दुपारी फोन आला. “मामा, गाडी बंद पडल्या.”

“काय होतंय?”

“सुरूच हुईना.”

हे वाक्य मला आयुष्यभर छळत आलंय. सेल्फ फिरतोय का नुसता टकटक करतोय? इंजिन फिरतंय पण पेटत नाही, का पेटून लगेच बंद पडतंय? हे सगळे वेगवेगळे बिघाड आहेत आणि माणसं सगळ्यांना एकच उत्तर देतात. मी म्हटलं, निघाल्यापासून काय काय झालं ते सांग.

तर झालं होतं असं. कळ्याजवळ गाडी पहिल्यांदा थांबली. कुणीतरी प्लग काढून पुसला, गाडी सुरू. साळवणला परत थांबली. दुसऱ्यानं कॉइलची वायर हलवली, गाडी सुरू. असळजला तिसऱ्यानं कार्बोरेटरचं पेट्रोल सोडून दिलं, गाडी सुरू. त्यानं पैसे पण घेतले. तीन गावांत तीन निदानं, आणि प्रत्येकाचं खरं ठरलेलं!

मी विचारलं, “प्रत्येकानं पहिल्यांदा काय केलं?”

“काय नाही, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं.”

“झाकणावर काय बांधलंयस काय?”

जरा वेळ फोनवर नुसता पाऊस ऐकू येत होता. मग म्हणाला, “प्लास्टिकची पिशवी हाय. पाणी जाऊ नये म्हणून. वरनं रबर लावलाय.”

झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. टाकीतलं पेट्रोल जेवढं खाली जातं, तेवढी हवा वरनं आत यावी लागते. ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत गाडी चालते, मग आचके देत बंद पडते. झाकण उघडलं की हवा आत जाते, पेट्रोल परत उतरतं. म्हणजे तिन्ही वेळेला गाडी झाकणानं सुरू झाली आणि श्रेय मिळालं प्लगला, कॉइलला, कार्बोरेटरला. यातला एकजण जरी प्रत्येक कृतीनंतर एक किक मारून बघता, तरी कळ्यातच उलगडा झाला असता. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि लगेच बघायचं. माझा सगळा आग्रह एवढाच आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिलीत, म्हणजे मूळ विषय आता पळवतो.

आधी हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण, न्यूट्रल आणि साइड स्टँड बघा. बऱ्याच गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंदच पडतात. सेल्फ दाबल्यावर टकटक वाजून दिवे मंदावले तर बॅटरी उतरल्या किंवा टर्मिनल सैल आहे. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेली की तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी. टाकी हलवून आवाज ऐका, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला घ्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पंपानं पेट्रोल फवारणाऱ्या, त्यांना कॉक नाही, चोक नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून क्षणभर पंपाची घरघर यायला पाहिजे. ती आली नाही तर आधी फ्यूज बघा.

इंजिन गार झाल्यावर प्लग काढा. तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. आणि ‘जाळ अन् धूर संगटच’ हे आपल्याकडं कौतुकानं म्हणतात, पण सायलेन्सरला ते लागू नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

२०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय. इंजिन पाण्याखाली गेलं असेल तर किक नाही, सेल्फ नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा आणि गाडी ढकलत न्या. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंच.

मिस्त्रीला सांगताना ‘कार्बोरेटर साफ करा’ म्हणू नका, तो करेल आणि पैसे घेईल. बिघाड कधीपासून आहे, गाडी गरम असताना होतो का गार, पावसात होतो का, आणि तुम्ही स्वतः कशाकशाला हात लावला, हे सांगा. हे शेवटचं सगळ्यात कामाचं असतं, आणि नेमकं तेच लोक लपवतात.

अध्यक्ष उभे राहिले. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं राहिलंच. आपल्या उसाचा विषय आहे, दोन वाक्यांत उरकला तर भांडणं होतील. ज्यांना हवंय त्यांनी चहाला थांबा.