खानदेशात भाड्याचं घर: आधी पाणी, मग भाडं

[दृश्य: जळगाव, मे महिना, दुपारचे चार. वरच्या मजल्यावरचं रिकामं घर.]

बदलीचा आदेश हातात पडतो तो बहुधा एप्रिल-मेमध्ये. खानदेशात भाड्याच्या घरांची उलाढालही त्याच सुमारास होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी) बदलतो, तसा भाडेकरूही. परीक्षा संपलेल्या असतात आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सगळ्यांना सामान लावून मोकळं व्हायचं असतं. घरं रिकामी होतात ती याच दिवसांत, आणि मालक भाव धरून बसतात तेही याच दिवसांत. पितृपक्षात सहसा कुणी घर बदलत नाही. त्या पंधरवड्यात रिकाम्या घराचा मालक घासाघीस ऐकून घेतो. पण बदली काही पितृपक्ष बघून होत नाही.

कुठल्या भागात बघायचं, हे कामाच्या जागेवरून ठरवा. जळगावात विद्यापीठ आणि बांभोरीचे कारखाने पश्चिमेला, गिरणेच्या पलीकडे आहेत. तिकडे रोज जाणाऱ्याला पिंप्राळा, खोटेनगर सोयीचं. एमआयडीसी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या माणसानं मेहरुण, अयोध्यानगर बघावं. धुळ्यात अवधान एमआयडीसीत नोकरी आणि घर पांझरा नदीपलीकडे देवपुरात असेल, तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. भुसावळला नोकरी असलेले पुष्कळजण जळगावला राहतात आणि रेल्वेचा महिन्याचा पास काढतात. अंतर पंचवीसेक किलोमीटरचं, गाड्या भरपूर. अक्कलकुवा, धडगावकडे नेमणूक झालेल्यांचा ओढा शहादा, तळोदा, नंदुरबारकडे असतो. मात्र मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याची अट आपल्याला लागू आहे का, हे आधी कार्यालयात विचारून घ्यावं.

[दृश्य: गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी, खाली हौदाचं झाकण.]

आता मुख्य गोष्ट. आमचं मत स्पष्ट आहे: इकडे भाडं शेवटी विचारायचं, पाणी आधी.

खानदेशातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. कुठे एक दिवसाआड, कुठे दोन-तीन दिवसांनी, आणि उन्हाळ्यात जलवाहिनी फुटली की त्याहून लांब. मालक सांगेल, "पाण्याचं काही टेन्शन नाही, सर." त्यावर थांबू नका. समोरच्या घरातल्या काकूंना विचारा: शेवटचं पाणी कधी आलं, किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, मोटर लावावी लागते का. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही. तरी ज्या गल्लीत निम्म्यांनी लावली आहे, तिथे उरलेल्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते.

मग साठा मोजा. माणशी रोज 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड. चार माणसांना रोज 540 लिटर, पाणी तीन दिवसांनी येत असेल तर 1,620. त्यात उन्हाळ्यात मोठा कूलर दिवसाला 50-60 लिटर सहज पितो. म्हणजे वर 1,000 लिटरची एक टाकी आणि तीही दोन कुटुंबांत असेल, तर पहिल्याच दिवशी नळ कोरडा पडणार. खाली हौद आहे का, हौदातून वर पाणी चढवणाऱ्या मोटरचं बिल कुणाच्या मीटरवर येतं, पाणी मध्यरात्री आलं तर हौद आपोआप भरतो की कुणीतरी उठून कॉक फिरवावा लागतो, हे सगळं विचारा. नवरा-बायको दोघंही नोकरीवर असतील, तर या शेवटच्या प्रश्नावर घर घ्यायचं की नाही ते ठरतं.

"बोअर आहे" हे ऐकून खूश होऊ नका. बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी आणि फरशीवर पांढरा थर दिसला तर पाणी जड आहे. त्या पाण्यानं डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल लवकर जाते, कूलरच्या जाळीवर क्षार बसून हवा येईनाशी होते. वापरायला बोअर आणि प्यायला-शिजवायला नळ, अशी दुहेरी सोय असेल तर उत्तम.

[दृश्य: हात भिंतीवर टेकवलेला.]

दुसरी परीक्षा उन्हाची. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत जातो. सकाळी दहाला बघितलेलं घर गारच वाटतं, म्हणून घर दुपारी चारला बघा, जमलं तर रात्री नऊला पुन्हा जा आणि पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. अजून गरम लागली, तर तीच भिंत बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहणार. थेट स्लॅबखालचा मजला भाड्यानं स्वस्त असतो, त्याचं कारण हेच. घ्यायचाच असेल तर गच्चीवर चुना मारून देण्याचं आधीच कबूल करून घ्या.

कूलर कुठे बसणार तेही त्याच फेरीत बघा. तो बाहेरची कोरडी हवा ओढतो, तेव्हाच गारवा देतो. त्यामुळे खिडकीबाहेर त्याला जागा हवी, जवळ प्लग हवा, आणि आत आलेली हवा निघून जायला समोर दुसरी खिडकी हवी. ती नसेल तर खोली दमट होते आणि अंगाला घाम चिकटून राहतो.

गच्ची कुणाची, हेही विचारा. उन्हाळ्यात रात्री झोपायला, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि पापड वाळत घालायला गच्ची लागतेच. "गच्ची मालकाची" हे सामान आणल्यानंतर कळलं की पहिल्याच आठवड्यात तोंडं फिरतात.

एक तपासणी भिंतींची. इकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते, दार चौकटीत अडकतं, फरशी एका बाजूला बसते. रंगातली बारीक, जाळीसारखी तडे जाण्याची खूण घाबरण्यासारखी नाही. तिरकी आणि बोटाचं नख शिरेल इतकी रुंद भेग असेल, तर पावसात तिथून ओल येणार.

वीज. स्वतंत्र मीटर असलेलंच घर शोधा. मालकाच्या मीटरवर सब-मीटर असेल तर दोन घरांची युनिटं एकत्र मोजली जातात, बिल वरच्या टप्प्यात जातं आणि तुमच्याकडून सरसकट ठरावीक दर घेतला जातो. स्वतंत्र मीटर असेल तर बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपवर मागची थकबाकी बघा, आणि किल्ली घेताना रीडिंगचा फोटो काढा.

[दृश्य: जिन्यात बोलणारी माणसं.]

घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. आडनाव काय, गाव कुठलं, फॅमिली की बॅचलर, मटण-अंडी चालतात का. हे प्रश्न योग्य नाहीत, पण विचारले जातात. खाण्यापिण्याचं गुळमुळीत उत्तर देऊन आत शिरलेल्यांची भांडणं पुढे स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुरू होतात. त्यापेक्षा सरळ सांगावं. मालक खालीच राहत असेल तर फाटक किती वाजता बंद होतं ते विचारा. दुसऱ्या पाळीचा कामगार रात्री अकरानंतर येतो, त्याच्याकडे फाटकाची किल्ली हवीच.

ऑनलाइन जाहिरातीतला "मालक" लष्करात असल्याचं सांगून घर न दाखवताच टोकन मागत असेल, किंवा "पैसे मिळवायला" क्यूआर कोड स्कॅन करायला लावत असेल, तर फोन ठेवा.

करारनामा. 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून काम भागतं, असं एजंटही सांगतात. भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो 11 महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. खर्च फार नाही. भाडं 8,000 आणि परतीचं डिपॉझिट 24,000 धरा. 11 महिन्यांचं भाडं 88,000, त्यात डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी 2,200. या 90,200 वर मुद्रांक 0.25 टक्के, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000, ग्रामीण भागात 500. वर ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याचे पैसे. ते कुणी भरायचे हे आधीच ठरवा. वर्षाला एक लाखावर भाडं दाखवून घरभाडे भत्त्याची करसवलत घेणार असाल, तर मालकाचा पॅनही याच वेळी मागा. नंतर तो मिळत नाही.

करारात नोटिशीचा कालावधी, रंगाचा खर्च आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे आकड्यांत लिहून घ्या. जाताना सर्वांत जास्त वाद रंगावरून होतात. डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, रोख दिलंच तर पावती घ्या. किल्ली हातात आल्यावर सामान आणण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. पंखे चालू करून, नळ सोडून, फ्लश ओढून, फुटलेली फरशी जवळून दाखवून तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं काम मालकाचं. ते झालं का, हे विचारून पोचपावतीची प्रत आपल्याकडे ठेवा.