बस कुठून सुटते? दक्षिण अमेरिकेसाठी गाइडबुक निवडताना

(दृश्य: टिटिकाका सरोवर, टिकिनाची सामुद्रधुनी. रिकामी बस लाकडी तराफ्यावर चढते आहे.)

बोलिव्हिया आणि पेरूच्या सीमेवरचं टिटिकाका सरोवर. समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंच. बोलिव्हियातल्या ला पास शहरातून सरोवराकाठच्या कोपाकबाना गावाला निघालेली बस टिकिनाला थांबते आणि सगळे प्रवासी खाली उतरतात. बस तराफ्यावरून पलीकडे जाते, माणसं छोट्या लाँचनं. लाँचचं भाडं बसच्या तिकिटात धरलेलं नसतं. खिडकीवर सुटे पैसे मोजून वेगळं तिकीट काढावं लागतं. मोठी नोट पुढे केली की मागची रांग तुंबते. पासपोर्ट आणि पैसे अंगावर घेऊनच उतरायचं, कारण पलीकडच्या काठावर बस पुन्हा हाताशी येईपर्यंत वेळ जातो.

एवढी माहिती दोन ओळींत मावते. ज्या गाइडबुकात या दोन ओळी सापडतात, ते विकत घ्यावं.

(दृश्य: टेबलावर तीन पुस्तकं. जाड पुस्तक वजनकाट्यावर ठेवलं जातं.)

दक्षिण अमेरिकेत १२ स्वतंत्र देश आहेत, शिवाय फ्रेंच गयाना. सगळ्या खंडाचं मिळून एकच पुस्तक घेतलं, तर हजारेक पानांची वाटणी या तेरा जणांत होते. ब्राझील, अर्जेंटिना, पेरू मोठा वाटा घेतात. पॅराग्वे, सुरीनाम यांना उरलंसुरलं मिळतं. एकट्या बोलिव्हियाचं पुस्तक घेतलं तर तीन-चारशे पानं त्याच देशाला मिळतात. म्हणून आधी हिशेब मांडावा तो दिवसांचा. तीन-चार महिने आणि पाच-सहा देश असतील, तर खंडाचं पुस्तक. महिनाभरात एक-दोनच देश असतील, तर त्या देशांची वेगळी पुस्तकं. खंडाचं पुस्तक घेऊन एकाच देशात महिना काढणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यातच पानं कमी पडायला लागतात.

(दृश्य: जुन्या आवृत्तीचा कापडी पुठ्ठा. पातळ कागद. बारीक अक्षरांतली आगबोटींची वेळापत्रकं.)

या खंडाची गाइडबुकं जन्मली ती व्यापाऱ्यांसाठी. १९२१ साली ब्रिटिश उद्योजकांच्या महासंघाने दक्षिण अमेरिकेत माल विकायला जाणाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तक काढलं. १९२४ मध्ये ते रॉयल मेल या आगबोट कंपनीकडे आलं आणि त्याचं नाव झालं साउथ अमेरिकन हँडबुक. लिव्हरपूलला बोटीत बसायचं आणि केबिन न बदलता थेट ॲमेझॉनवरच्या मानाउसला उतरायचं, अशा प्रवासाचा तपशील त्यात असे. पुढे वाचक बदलला. पाठीवर सॅक टाकून निघालेली मुलं हेच पुस्तक वापरू लागली आणि संपादकांना पत्रं पाठवू लागली: अमुक गावचा रस्ता वाहून गेला, तमुक बस आता मंगळवारी जात नाही. १९८० मध्ये लोनली प्लॅनेट या प्रकाशनानं जेफ क्राउदर यांचं साउथ अमेरिका ऑन अ शूस्ट्रिंग आणलं. तोपर्यंत कमी पैशांत फिरणाऱ्यांचा वेगळा वाचकवर्ग तयार झाला होता.

दोन्ही घराण्यांचा स्वभाव निराळा. हँडबुकची ओढ रस्ते, अंतरं आणि आडगावांकडे. शूस्ट्रिंगची ओढ नकाशे, स्वस्त खोल्या आणि रुळलेल्या वाटेकडे. पहिल्यांदाच जाणाऱ्याला दुसरं सोपं वाटतं. आडवाटेला शिरायचं असेल, तर पहिल्याला तोड नाही.

(दृश्य: ला पास. दरीवरून सरकणारे लाल पाळणे. खाली विटांच्या घरांचा उतार.)

आता दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा. पुस्तक उघडा आणि ला पासचा नकाशा काढा. इथल्या रोपवेची पहिली, लाल रेषा २०१४ मध्ये सुरू झाली. नंतर तिचं जाळं शहरभर पसरलं. नकाशावर ही रेषाच नसेल, तर पुस्तकातली माहिती त्याआधीची आहे, मुखपृष्ठ कितीही नवं असो.

मग पुढचा प्रश्न: कोपाकबानाची बस कुठून सुटते? शहराला मुख्य बस टर्मिनल आहे. पण कोपाकबानाच्या नेहमीच्या स्वस्त गाड्या सुटतात त्या दफनभूमीच्या समोरून. लाल रेषेवरचं सेमेंतेरियो स्टेशन तिथेच आहे. नुसतं ‘ला पासहून बस मिळते’ असं लिहिणारं पुस्तक तुम्हाला टर्मिनलवर पाठवतं, आणि तिथून टॅक्सीनं दफनभूमीला जावं लागतं. चांगलं पुस्तक जागा सांगतं, किती तास लागतील ते सांगतं, पुढे पेरूत जायचं तर कासानीला सीमा ओलांडायची हे सांगतं. बोलिव्हियाचं घड्याळ पेरूच्या एक तास पुढे आहे, हेही सांगतं. पेरूतून उलट येताना बोलिव्हियातली शेवटची गाडी चुकते ती याच एका तासानं.

अशीच परीक्षा लिमाची घ्यावी. तिथल्या मोठ्या बस कंपन्यांची आपापली वेगवेगळी टर्मिनलं आहेत, एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर. कोणती कंपनी, कोणता भाग, हे पुस्तकात हवंच.

(दृश्य: कॉपीराइटच्या पानावर बोट. साल दिसतं.)

कॉपीराइटचं पान बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तिथलं साल हे छपाईचं साल. लेखक प्रत्यक्ष फिरला तो त्याच्या वर्षभर आधी, कारण संपादन, नकाशे आणि छपाई यात तेवढा काळ जातो. म्हणजे ‘यंदाच्या’ पुस्तकातले दर मागच्या वर्षीचे, आणि दोन वर्षं दुकानात पडून राहिलेल्या प्रतीतले तीन वर्षांपूर्वीचे. खोलीचे दर त्यामुळे आकडे म्हणून वाचू नयेत, तुलना म्हणून वाचावेत. या गावात वसतिगृहातली कॉट तिकडच्या निम्म्यात मिळते, हे प्रमाण सहसा टिकतं.

चलनाचं पान मात्र सगळ्यात आधी शिळं होतं. अर्जेंटिनात कित्येक वर्षं सरकारी दर आणि रस्त्यावरचा दर यांत मोठी तफावत होती, म्हणून पुस्तकं सांगत: डॉलरच्या रोख नोटा घेऊन जा. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं सामान्य नागरिकांवरचे बरेचसे निर्बंध उठवले आणि तो सल्ला जुना झाला. बोलिव्हियात उलटं घडलं. एका डॉलरला सातच्या आतबाहेर बोलिव्हियानो, हा दर वर्षानुवर्षं हलला नव्हता. २०२३ पासून डॉलरची टंचाई आली आणि समांतर दर उभा राहिला. इक्वेडोरमध्ये हा प्रश्नच नाही, तिथे २००० पासून अमेरिकन डॉलरच चालतो.

(दृश्य: मानाउसचं बंदर. तीन मजली बोट. रंगीबेरंगी हॅमॉकच्या, म्हणजे टांगत्या झोळ्यांच्या रांगा.)

ब्राझीलच्या पानांवर ॲमेझॉन नदी शोधा. मानाउस ते समुद्राजवळचं बेलें हा बोटीचा प्रवास प्रवाहाबरोबर साधारण चार दिवसांचा, उलट दिशेनं त्याहून जास्त. सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे डेकवर टांगलेला हॅमॉक. तो बोटीवर मिळत नाही, बंदराजवळच्या दुकानातून घ्यावा लागतो. सोबत दोन मजबूत दोऱ्या हव्यात. सुटण्याच्या बरंच आधी चढायचं आणि इंजिन व संडास यांपासून लांबची जागा धरायची. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या बोटी नदीच्या मधून जातात, किनारा दूर राहतो. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी काठाकाठानं जातात, कारण तिथे पाण्याचा जोर कमी असतो. झाडं, घरं, होड्या बघायच्या असतील, तर बेलेंहून वर यावं. हा फरक लिहिणारा लेखक त्या बोटीवर बसलेला असतो.

(दृश्य: रेल्वेरुळांच्या कडेनं चालणारी माणसं. हिरवी दरी. पाठीमागून गाडीची शिट्टी.)

पेरूतल्या माचू पिच्चू या डोंगरावरच्या प्राचीन किल्ल्याला सगळी पुस्तकं आगगाडीनं नेतात, आणि ती गाडी महाग आहे. कमी खर्चाच्या पुस्तकात दुसरी वाट असायलाच हवी. कुस्को शहरातून व्हॅननं अब्रा मालागाच्या चार हजार मीटरवरच्या खिंडीतून, सांता तेरेसावरून, जलविद्युत केंद्राजवळच्या हिद्रोएलेक्त्रिका थांब्याला. सहा-सात तास. तिथून रुळांच्या कडेनं सुमारे १० किलोमीटर चालत किल्ल्याच्या पायथ्याचं गाव आग्वास कालिएंतेस, अडीच-तीन तास. डिसेंबर ते मार्च पावसाचे महिने, दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो. परतीची व्हॅन दुपारी सुटते, म्हणून चालायला उशिरा निघून जमत नाही. आणि किल्ल्याचं तिकीट ठरावीक वेळेचं व ठरावीक मार्गाचं असतं, ते आधी हातात हवं. नाहीतर एवढं चालून दारातून परत.

(दृश्य: बाजारातली खानावळ. वाफाळतं सूप, भाताची ताटली.)

ही पुस्तकं लिहिली जातात ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन वाचकांसाठी. त्यातलं व्हिसाचं पान भारतीय पासपोर्टला लागू नाही. ते सोडून द्यावं आणि त्या त्या देशाच्या वकिलातीकडून माहिती घ्यावी. पीतज्वराच्या लशीबद्दल पुस्तक सांगतं ते जाण्यापुरतं. आपल्याला परत येताना ती लागते. ब्राझील, पेरू, बोलिव्हियासारख्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसला, तर विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात.

शाकाहाराबद्दल बहुतेक पुस्तकांत एखादाच परिच्छेद असतो. बाजारातलं दुपारचं जेवण सगळ्यात स्वस्त, पण तिथे स्पॅनिशमध्ये नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते, कारण कार्ने म्हणजे मुख्यतः लाल मांस. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ (कोंबडी नको, मासे नकोत) हेही जोडावं लागतं. सूप हाडांवर उकळलेलं आहे का, ते वेगळं विचारावं.

(दृश्य: जाड पुस्तक पालथं. कटर, फूटपट्टी, फेव्हिकॉल, कापडाची पट्टी.)

पुस्तक घेतलं, आता ते कापून देशागणिक तुकडे करायचे. जड वाटतं म्हणून जाडजूड पुस्तक खोलीवर ठेवून बाहेर पडायचं, मग ते असून नसल्यासारखं.

आधी पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा. पानांच्या दुमडलेल्या जुड्या दिसल्या, तर पुस्तक जुजबंदीचं आहे, शिवलेलं. सलग सपाट कड दिसली, तर नुसतं डिंकाचं. जुजबंदीच्या पुस्तकाचा काप दोन जुजांच्या मध्येच घ्यायचा. जुजाच्या मधोमध कापलं की दोरा सुटतो आणि पलीकडची अर्धी पानं गळतात. देशाची सुरुवात जुजाच्या मध्ये आली, तर ती चार-सहा पानं शेजारच्या तुकड्यात राहू द्यावीत आणि त्यांची झेरॉक्स काढून आपल्या तुकड्याला जोडावी.

डिंकाचं पुस्तक हवं त्या पानावर पूर्ण उघडा. दोन्ही बाजू तळहातानं दाबून पाठ मागे मोडा, म्हणजे डिंकाची रेघ दिसते. नव्या ब्लेडनं त्या रेघेवरून वरून खाली, तीन-चार हलक्या हातांनी. एकदम जोर लावला तर ब्लेड तिरकं जातं आणि मजकूर कापला जातो.

कापलेल्या कडेला फेव्हिकॉलचा पातळ थर. त्यावर सुती कापडाची पट्टी, पाठीपेक्षा दोन्हीकडे बोटभर जास्त रुंद. दोन फळ्यांमध्ये दाबून रात्रभर ठेवा. जाड थर लावला की वाळल्यावर पाठ कडक होते आणि पुस्तक उघडताना तडकते. सकाळी जुन्या कॅलेंडरचा जाड कागद पुठ्ठा म्हणून चिकटवा. भाषेची पानं वेगळी करून खिशात राहतील अशी ठेवा. शेवटची सूची मात्र झेरॉक्स करून प्रत्येक तुकड्याला लावा. ती नसली, तर गाव कुठल्या पानावर आहे ते शोधता येत नाही.

(दृश्य: टिकिना. लाँचमधून काठ जवळ येतो. हातात बोलिव्हियाचा पातळ तुकडा.)

देश संपला की त्याचा तुकडा सीमेजवळच्या वसतिगृहात ठेवून पुढे जायचं. उलट दिशेनं येणारा कुणीतरी तो घेतोच. ठेवण्याआधी पेन्सिलीनं समासात लिहावं: बस आता कुठून सुटते, लाँचचं भाडं किती झालं, आणि तारीख.