बेअदबी : 'अ' जागेवर असलेला शब्द

(अभिनीत दृश्य : न्यायाधीश दालनात येतात. सगळे उभे राहतात. मागच्या बाकावरचा एकजण बसूनच.)

शिवी नाही, हातवारे नाहीत, तोंडातून अक्षर नाही. याला अपमान म्हणताना जीभ अडते. मराठीत यासाठी शब्द आहे : बेअदबी.

(दृश्य : छपाईचे शिशाचे खिळे. जुळारी एकेक अक्षर उचलतो.)

फारसी 'बे' म्हणजे विना. अरबी 'अदब' म्हणजे रीतभात. दोन्हींत संधी होत नाही, म्हणून 'अ'चा खिळा शाबूत बसतो. घाईत तो गळला की छापून येतं 'बेदबी'. शेवटची 'ई' विशेषणाचं नाम करते : बेफिकीर, बेफिकिरी; बेअदब, बेअदबी. हा 'बे' इथे इतका रुळला की बेसूर, बेताल, बेचव असे घरच्या शब्दांनाही जाऊन चिकटला. उर्दूत 'अदब' म्हणजे साहित्यसुद्धा. मराठीने तो अर्थ उंबऱ्याबाहेर ठेवला, 'अदबीने' वागणं तेवढं आत घेतलं.

(दृश्य : ध्वज उतरवणारे हात, जवळून.)

सावकाश. जमिनीला टेकू न देता. रीत ठरलेली आहे, म्हणून ती मोडता येते. दोन मित्र एकमेकांना वाटेल ते बोलले तर भांडण होईल, अपमान होईल; बेअदबी नव्हे. तिला समोर गादी, ग्रंथ, ध्वज, न्यायासन असं काही लागतं. पंजाबात गुरू ग्रंथसाहिबाच्या विटंबनेला हाच शब्द आहे. आणि षष्ठी लागते : ध्वजाची बेअदबी, दरबाराची बेअदबी. 'त्याला बेअदबी केली' हे मराठी नव्हे.

(दृश्य : वर्तमानपत्राचा मथळा. मग कायद्याचं पुस्तक उघडतं.)

मथळ्यात 'कोर्टाची बेअदबी'. पुस्तकात मात्र न्यायालय अवमान अधिनियम, १९७१. इथे कायद्याची निवड बरोबर, हे कबूल करायला हवं. कलम २ मधला दिवाणी अवमान म्हणजे न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून न पाळणं. तो हात जोडून, अत्यंत अदबीनेही टाळता येतो! त्याला बेअदबी म्हणणारा मथळा चुकतो. पण भर कोर्टात न्यायाधीशांच्या अंगावर कागद भिरकावले, तर 'अवमान' फार पुस्तकी. तिथे बेअदबीच हवी. कायद्यात अवमानाला शिक्षा : कमाल ६ महिने साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

(दृश्य : यंत्र थांबतं. ओल्या शाईचं प्रूफ.)

जुळारी ओळीवरून बोट फिरवतो. 'बे'च्या पुढे 'अ' आहे.