व्हिडिओ कुणी काढून टाकला, का काढून टाकला?

श्रोतेहो, नमस्कार.

हे भाषण तुमच्या कानावर पडण्याआधी एका माणसाने वाचलेलं आहे. रेडिओवरची रीतच तशी. मजकूर आधी द्यावा लागतो, कार्यक्रम अधिकारी तो नजरेखालून घालतात आणि क्वचित एखाद्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ येते. मग आपण विचारायचं, "का हो?" ते सांगतात, हे वाक्य अमुक लोकांना विनाकारण टोचेल, किंवा याला पुरावा कुठाय? कधी त्यांचं पटतं, कधी आपण हुज्जत घालतो आणि वाक्य तसंच राहतं. त्या माणसाला नाव आहे, खुर्ची आहे, आणि त्याच्यासमोर बसून भांडता येतं. आज मला बोलायचंय ते ज्या काटछाटीत यातलं काहीच मिळत नाही तिच्याबद्दल. म्हणजे तुमच्या-आमच्या मोबाईलवरच्या व्हिडिओंबद्दल.

सेन्सॉर ही चीज गोव्याला नवी नाही. १९२६ साली पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, लष्कराने सत्ता घेतली, पुढे हुकूमशहा सालाझारची राजवट आली, आणि इथल्या छापखान्यांच्या मानगुटीवर सेन्सॉर बसला तो १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. वर्तमानपत्राची प्रुफं आधी त्याच्याकडे न्यायची, त्याने खोडून उरेल ते छापायचं. लग्नपत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागे, असं जुनी माणसं सांगतात. मुहूर्त आणि वधूवरांच्या नावांत बंड कुठे लपलेलं असेल ते सालाझारलाच ठाऊक! पण म्हणूनच २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी सरहद्दीपलीकडच्या जंगलातून, आधी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूने, गुप्त रेडिओ चालवला. मुक्तीपर्यंत, सहा वर्षं. इथे घरोघरी आवाज बारीक करून तो ऐकणारी माणसं होती. जे छापता येत नव्हतं ते हवेतून येत होतं. तो काळ वाईटच होता, पण कात्री कुणाच्या हातात आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

आता आपल्या काळात या.

अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, एका वाड्यावरच्या पोरांनी चवथीला घुमट आरतीचा, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरत्यांचा, व्हिडिओ केला. वर फळापानांची माटोळी बांधलेली, खाली दहा-पंधरा माणसं, घुमट, शामेळ, झांजा, आणि मधोमध आवाज लावणारे एक आजोबा. आरत्या झाल्यावर तुकोबांचा एक अभंगही म्हटला. रात्री व्हिडिओ चढवला, मुंबई-दुबईच्या नातेवाईकांना लिंक पाठवली. सकाळी उठून बघतात तर इंग्रजीत निरोप आलेला: तुमच्या व्हिडिओत आमच्या मालकीचं संगीत आढळलं आहे. खाली कुठल्याशा कंपनीचं नाव, वाड्यावर कुणी न ऐकलेलं. आणि तेवढा भाग मुका. आजोबांचं तोंड हलतंय, घुमटावर हात पडताहेत, आवाज नाही. कुठल्या मंचावर घडलं त्याचं नाव मी घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. पोरांनी तक्रार केली का? नाही. घरातली मोठी माणसं म्हणाली, "सोड रे, उगाच चॅनेल बंद पडेल."

तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली. आपल्या कायद्यात कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा अभंगावर आज कुणाचीही मालकी नाही. मालकी असू शकते ती एखाद्या कंपनीने काढलेल्या रेकॉर्डिंगवर, किंवा अलीकडच्या संगीतकाराने बांधलेल्या चालीवर. हा फरक माणसाला दोन मिनिटांत समजावता येतो. यंत्राला तो कळत नाही. यूट्यूबने २००७ साली कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आणली. कंपन्यांनी आपली गाणी तिथे नमुना म्हणून ठेवायची आणि चढणारा प्रत्येक व्हिडिओ यंत्राने त्या नमुन्यांशी ताडून बघायचा. जुळलं असं वाटलं, की दावा लागला. मग कंपनीने आधी ठरवून दिलं असेल तसं होतं: व्हिडिओ अडवायचा, किंवा तसाच ठेवून जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवायचे. इतक्या व्हिडिओंना माणसं पुरणार नाहीत, हे मला मान्य आहे. चोरीचे सिनेमे चढवणाऱ्यांना कुणीतरी आवरायलाच हवं. पण ताडून बघितल्यावर जो निकाल लागतो तो घुमट वाजवणाऱ्याच्या डोक्यावर बसतो, आणि निर्दोष असल्याचं सिद्ध करण्याचं काम त्याच्याच गळ्यात.

वाड्यावरच्या मोठ्या माणसांची भीती मात्र थोडी चुकीच्या जागी होती. यूट्यूबवर असा आपोआप लागलेला दावा वेगळा आणि कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर बसणारा ठपका, वेगळी. दाव्यावर हरकत घेतली म्हणून लगेच स्ट्राइक बसत नाही. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्याने तुमच्या हरकतीवर किंवा पुढच्या अपिलावर व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी केली आणि ती मान्य झाली, की मग स्ट्राइक. ९० दिवसांत अशा तीन झाल्या तर चॅनेल जातं. आणि ही 'तीन झाल्या तर' ची टांगती तलवार अशी जबर आहे, की माणसं पहिल्याच पायरीवर हात जोडतात. २०२५ साली देशातल्या काही यूट्यूबरांनी उघड सांगितलं, की बातमीच्या काही सेकंदांच्या चित्रफितीवरून स्ट्राइक लावायच्या आणि मागे घेण्यासाठी लाखो रुपये मागायचे असा प्रकार चाललाय. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. टीका, परीक्षण, चालू घडामोडींची बातमी यांसाठी दुसऱ्याच्या कृतीचा वाजवी वापर करायला त्यात मुभा आहे. ती कोर्टात मिळते, यंत्रापुढे नाही.

याच कलमात धार्मिक विधी आणि लग्नसमारंभातल्या संगीतालाही सूट आहे. तिच्यावरून गोव्यात केवढी धमाल उडाली ते आठवत असेल. लग्नात गाणी वाजवायला परवाना लागत नाही, असं परिपत्रक आपल्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलं, म्युझिक कंपन्या कोर्टात गेल्या, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठाने ते रद्द केलं. कायद्याचा अर्थ सरकारने परिपत्रकातून वाढवायचा नसतो, हे कोर्टाचं म्हणणं. मला तो निकाल योग्य वाटतो, हॉलवाल्यांना वाटत नसेल.

गाण्यांचं बाजूला ठेवू. त्याहून मला जास्त खटकतं ते मराठी चॅनेलवरचं बोलणं. गुन्ह्याची बातमी सांगणारा तरुण 'बलात्कार' म्हणताना मध्येच 'टूं' असा आवाज टाकतो. 'आत्महत्या' लिहिताना अक्षरांच्या मध्ये चांदणी घालतो. 'खून' झालेला माणूस नुसता 'गेला' होतो. का, तर हे शब्द ऐकले की यंत्र जाहिराती कमी करतं, डॉलरची खूण हिरव्याची पिवळी होते, अशी धास्ती. नेमका कुठला शब्द चालतो आणि कुठला नाही हे त्या बिचाऱ्याला कुणी मराठीत सांगितलेलं नाही, म्हणून तो अंदाजाने दहा शब्द जास्तच गाळतो. अत्याचाराची बातमी द्यायची आणि अत्याचार हा शब्द गिळायचा! बरं, यंत्र तरी किती काम करतं? २०२३ च्या शेवटच्या तीन महिन्यांत यूट्यूबने भारतातले साडेबावीस लाखांच्या आसपास व्हिडिओ काढून टाकले. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांत कचरा पुष्कळ असणार, फसवणुकीचे आणि मुलांसाठी घातक असेही असणार. आपल्या घुमटासारखे किती होते, ते त्या आकड्यात दिसत नाही.

आता सरकारकडे वळते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं एक कलम होतं. कुणाला त्रास होईल, राग येईल असं काही इंटरनेटवर लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. २०१४ मध्ये गोव्यातल्या एका अभियंत्यावर फेसबुकवरच्या राजकीय मजकुरावरून जे गुन्हे लागले, त्यांत हे कलमही होतं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मुळासकट उपटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या गडबडीत ६९अ कलम शाबूत राहिल्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी मजकूर अडवण्याचा अधिकार केंद्राला त्यातून मिळतो. कारणं घटनेतलीच आहेत, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती २००९ च्या नियमांतल्या गुप्ततेला. आदेश कुणी मागितला, का दिला, हे गुप्त ठेवायचं. तुम्ही लिंक दाबता आणि पाटी येते, हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही. बनवणाऱ्यालाही अनेकदा तेवढंच कळतं. ऑक्टोबर २०२४ पासून गृहखात्याचं सहयोग नावाचं पोर्टल आलं. त्यावरून राज्यांतल्या यंत्रणाही थेट कंपन्यांना सूचना पाठवू शकतात. एक्स, म्हणजे पूर्वीची ट्विटर कंपनी, त्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हरली. उलट, केंद्राच्या कारभाराबद्दल ऑनलाइन खरं काय आणि खोटं काय हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याचा जो नियम होता, तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. वादी, न्यायाधीश आणि पंच एकच, असला खेळ गावच्या फुटबॉल मैदानावरही कुणी खपवून घेणार नाही.

मग सगळंच मोकळं सोडा, असं मी म्हणतेय का? नाही. पणजीला फोंतेन्यस वाड्यात राहणाऱ्या बाईला विचारा. सकाळी दार उघडलं की पायरीवर परकी मुलगी उभी, समोर कॅमेरा, "हसा आंटी, रील आहे." बाल्कनीत वाळत घातलेले कपडे कुणाच्या तरी हजारो फॉलोअर्सनी बघितलेले. हळदोणा, पर्रा, आसगाव, कुठेही तीच रड. माडांच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांकडून पर्रा पंचायतीने २०१९ मध्ये पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा देशभर हसं झालं आणि ते मागे घ्यावं लागलं. कराचा मार्ग चुकीचा असेल, त्रास खोटा नव्हता. समुद्रात उतरलेल्या बायकांचे चोरून काढलेले व्हिडिओ 'गोवा बीच' या नावाखाली फिरतात, त्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणायला माझी जीभ वळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय. 

पण रविवारच्या ग्रामसभेत कुणी मोबाईल वर केला आणि सरपंच म्हणाले, "शूटिंग बंद, आमची प्रायव्हसी आहे," तर ते ऐकून घेऊ नका. डोंगर कापायला ना हरकत दाखला कुणी दिला, यात खासगी काय? ही भीती हवेतली नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं एक कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना त्या कलमातच सार्वजनिक हिताचं माप लावलेलं होतं, आता 'वैयक्तिक आहे' एवढं कारण पुरतं. सार्वजनिक हिताची दुसरी वाट कायद्यात अजून आहे, कलम ८ च्या पोटकलम २ मध्ये. अर्ज करणाऱ्यांनी तिचा उल्लेख आवर्जून करावा. फोंतेन्यसच्या बाईला जी ढाल हवी होती, ती कचेरीतल्या साहेबाच्या हातात जास्त लवकर पोचली.

शेवटी थोडं कामाचं सांगते, कागद-पेन्सिल असेल तर घ्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या प्रत्येक मंचाला भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव जाहीर करावं लागतं. व्हिडिओ मुका झाला, उडवला, किंवा तुमचा खासगी व्हिडिओ कुणी चढवला, तर त्या अधिकाऱ्याला लिहायचं. ॲपमधलं नुसतं 'रिपोर्ट' बटण दाबून थांबायचं नाही. लिहिताना लिंक, तारीख, वेळ आणि पडद्याचा फोटो जोडा, कारण पुढे व्हिडिओ गायब झाला तर हातात तेवढंच उरतं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही समितीही सरकारनेच नेमलेली आहे, हे खरं. पण फी नाही, वकील लागत नाही आणि सगळं ऑनलाइन होतं. अधिकाऱ्याचा निर्णय हाती आल्यापासून मुदत ३० दिवसांची.

अंत्रुजातल्या त्या पोरांना मी हे सांगितलंय. मूळ रेकॉर्डिंग पुसू नका, हेही सांगितलंय. नमस्कार.