बासरीआधी गळा

घरात गाणं नव्हतं, आखाडा होता. वडील पैलवान, मुलानंही कुस्तीच करावी हा त्यांचा हट्ट. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १९३८ सालचा, अलाहाबादचा. वडिलांच्या नकळत त्यांनी पहिले धडे घेतले ते गाण्याचे, शेजारी राहणाऱ्या पंडित राजाराम यांच्याकडे. बासरी हाती आली नंतर, भोलानाथ प्रसन्नांकडे. १९५७ साली कटक आकाशवाणीत नोकरी, पुढे मुंबई, सिनेमाची रेकॉर्डिंग. चांगलं नाव झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. शिकायचं तर पहिल्यापासून, असं अन्नपूर्णादेवींनी सांगितलं. म्हणून चौरसियांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीची डावी केली. बोटांना लागलेल्या सगळ्या सवयी निकामी!

अन्नपूर्णादेवींचं वाद्य सूरबहार, म्हणजे खर्जातली मोठी सतारच. बासरी त्यांनी शिकवली ती गाऊन. चौरसियांच्या मुंबई आणि भुवनेश्वरच्या वृंदावन गुरुकुलांमागे हीच गुरू-शिष्य परंपरा आहे.

आता बोटांकडे पाहा. वरची, म्हणजे फुंकायच्या छिद्राकडची तीन छिद्रं बंद, हा सा. त्यांतलं खालचं एक उघडलं की रे, खालची दोन उघडली की ग. शुद्ध मध्यमाला सगळ्यात वरचं छिद्र अर्धंच झाकायचं, आणि नवख्यांची गाडी अडते ती इथं. अर्धं म्हणजे किती, ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून आधी तानपुऱ्यावर म गाऊन पक्का करायचा, मग बोट हळूहळू सरकवत तिथं आणायचं. झटकन उचललं तर स्वर उडी मारतो. सरकवलं तर मींड निघते, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं.

मैफलीत दिसणारी ही तीस इंचांच्या आसपासची लांब बासरी रूढ केली बासरीवादक पन्नालाल घोषांनी. तिच्यावर मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प काढायचा तर सहाही छिद्रं बंद हवीत. खालच्या हाताची अनामिका ताणली जाते, कडेनं हवा निसटते आणि स्वर फाटतो. विद्यार्थी मग जोरानं फुंकतो. त्यानं गळती थांबत नाही, उलट स्वर वरच्या सप्तकात उडतो. वर चक्कर येते ती वेगळीच. अशा वेळी फुंक कमी करायची. बोटांची टोकं न टेकवता पेरं सपाट ठेवायची, आणि सा, नि, ध, प असं एकेक छिद्र झाकत खाली यायचं. ध स्वच्छ लागत नसेल तर प च्या वाटेला जायचंच नाही.

आणखी एक. गार बांबू थोडा उतरलेला बोलतो, श्वासाच्या उबेनं स्वर चढतो. तानपुरा लावायचा तो बासरी थोडा वेळ वाजवून झाल्यावर.