वळणाआधीचा गिअर

(साताऱ्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि वाहनप्रेमी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित मित्रहो,

आपल्यापैकी अनेकांनी गाडी चालवण्याचे खरे धडे समर्थ मंदिराकडून यवतेश्वरला चढणाऱ्या रस्त्यावर गिरवले असतील, आणि तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनी किंवा मामांनी एक गोष्ट हमखास बजावली असेल: उतारावर न्यूट्रल करायचे नाही, आणि ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतरायचे. त्या सांगण्यात इंजिनाच्या रोधाचे, म्हणजे गिअरमध्ये असलेले इंजिनच उतारावर गाडीचा वेग आवरते याचे, सगळे शास्त्र आहे, आणि गिअर कधी टाकायचा हे चालकाने स्वतः ठरवायचे असते हे गृहीतही आहे. आजचा विषय या गृहीताशी निगडित आहे. ताकदीच्या आणि वेगाच्या गाड्यांमध्ये, म्हणजे ज्यांना आपण परफॉर्मन्स कार म्हणतो त्यांच्यात, गिअर हाताने टाकावा की यंत्रावर सोपवावा?

घड्याळापुरता हा वाद मिटला आहे, हे आधीच मान्य करतो. २०२१ साली आलेली पोर्शे ९११ जीटी३ ही ५१० अश्वशक्तीची गाडी दोन्ही प्रकारांत मिळते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिच्या दुहेरी क्लचच्या, म्हणजे गिअर यंत्रानेच बदलणाऱ्या आवृत्तीला ३.४ सेकंद लागतात, तर सहा गिअरच्या मॅन्युअल आवृत्तीला ३.९. इंजिन तेच असताना हा अर्धा सेकंद निव्वळ गिअर बदलण्यात आणि गाडी जागची सुटण्यात जातो. कितीही तरबेज चालक असला तरी क्लच दाबून दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेईपर्यंत चाकांकडे जाणारी ताकद तुटतेच. आपल्याकडे २०२३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम२ मध्ये हाच फरक ४.१ आणि ४.३ सेकंद इतका कमी आहे; पण आहे.

शर्यतीच्या जगाने हे फार पूर्वी ओळखले. १९८९ च्या ब्राझीलच्या ग्रां प्रीमध्ये फेरारीची ६४० ही फॉर्म्युला वन गाडी प्रथमच उतरली आणि नायजेल मॅन्सेलने ती पहिलीच शर्यत जिंकली. तिच्या स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या होत्या. एका पट्टीने गिअर चढवायचा, दुसरीने उतरवायचा. मला यात विशेष वाटते ते असे, की ही गाडी आखणाऱ्या जॉन बर्नार्डचा मूळ विचार वेगापेक्षा जागेचा होता. गिअरचा दांडा आणि त्याच्या मागे जाणाऱ्या सळया काढून टाकल्या की चालकाच्या बसण्याची जागा अरुंद करता येते आणि हवेला वाट मिळते. त्या हंगामात ती गाडी वारंवार बंद पडली हे खरे, पण दिशा ठरून गेली होती. १९९७ साली फेरारीच्याच एफ३५५ मधून त्या पट्ट्या रस्त्यावरच्या गाडीत आल्या.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. क्लचचे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला आपण सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, आणि मग एका प्रकारचे दोष दुसऱ्याच्या माथी मारतो. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने आपल्याकडे आणलेला एएमटी हा खरे तर मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे; त्यात क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. तो स्वस्त आहे, गावातल्या गर्दीत उपयोगी आहे. मात्र गिअर बदलताना मान पुढे जाते तो झोका ताकदीच्या गाडीत चालत नाही. टॉर्क कन्व्हर्टर ही वेगळी चीज. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. इंजिनाकडचे पाते तेल ढकलते आणि त्या तेलाच्या रेट्याने समोरचे पाते फिरते. वेग जमला की आतला क्लच दोन्ही बाजू जखडून टाकतो.

तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा, आणि परफॉर्मन्स कारच्या चर्चेत खरे महत्त्व त्याचेच. यात विषम गिअर एका दंडावर आणि सम गिअर दुसऱ्यावर असतात, आणि प्रत्येक दंडाला स्वतंत्र क्लच असतो. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच बसवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो, म्हणून ओढ तुटत नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात ९६२ या शर्यतीच्या गाडीत तो वापरला, आणि २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून तो सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत आला.

या यंत्रणेची मर्यादा मला खंबाटकीत कळली. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, पुण्याहून परतत होतो आणि घाटाच्या चढाला गाड्यांची रांग लागली होती. माझ्याकडे तेव्हा कोरड्या दुहेरी क्लचची गाडी होती. रांग चार हात सरकली की मीही ब्रेक किंचित सोडून चार हात सरकत होतो, आणि असे पाऊण तास चालले. आधी जळका वास आला. तो पुढच्या ट्रकचा असेल असे मी मानले. मग समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना उमटली आणि गाडी कडेला घेऊन वीस मिनिटे थांबावे लागले. दोष गाडीपेक्षा माझ्या चालवण्यात अधिक होता. चढावर असे रांगताना क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि घासतो. तो तेलात बुडालेला असेल तर तेल उष्णता वाहून नेते, कोरडा असेल तर ती तिथेच साठते. मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर चढ धरणारा माणूस क्लचप्लेट अशीच जाळतो, फक्त तिथे डाव्या पायाला ते कळत असते. माझ्या पायाला काहीच कळले नाही. त्यानंतर मी अशा रांगेत पुढे दोन गाड्यांचे अंतर पडू देतो आणि मग एकदाच सरकतो.

आता उतरणीकडे वळू, कारण माझे म्हणणे तिथेच आहे. कासहून परतताना यवतेश्वरच्या उतारावर तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये आहात आणि पुढचे वळण कड्याआड दिसेनासे होत आहे, अशी कल्पना करा. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबलेला आहे आणि वेग ताशी ४० पर्यंत आला आहे. डावा पाय क्लच दाबतो, हात दांडा दुसऱ्यात नेतो, आणि त्याच क्षणी ब्रेक न सोडता उजव्या पायाची कड कलती करून ॲक्सिलरेटरला हलकासा धक्का द्यायचा असतो. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला साधारण १,९०० फेरे घेत असेल, तर दुसऱ्यात त्याच वेगाला ते २,८०० च्या आसपास हवे असते. हा फरक पायाने आधीच भरून काढला तर क्लच सुटताना गाडीला कळतही नाही. तो भरला नाही तर चाकांना इंजिन ओढून वर न्यावे लागते, गाडी हिसका खाते, आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावर तेवढ्या हिसक्याने टायरची पकड सुटू शकते.

हे सगळे दुहेरी क्लचची गाडी तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईने करते, स्वतःच फेरेही वाढवते. मात्र तिला वळण दिसत नाही. पाय किती दाबला आहे, वेग किती आहे, उतार किती आहे, यावरून ती गिअर ठरवते, म्हणजे जे घडत आहे त्याला उत्तर देते. म्हणून पुष्कळदा वळणाच्या मधोमध पाय दाबल्यावर तिला गिअर उतरवण्याची आठवण होते आणि नको त्या क्षणी जोर येतो. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी हे टाळता येते, आणि जो त्या मनापासून वापरतो त्याच्याशी माझा वाद नाही. पण पट्टी नुसती मुभा देते. दांडा भाग पाडतो. मॅन्युअल गाडीत वळणाआधी तुम्ही गिअर टाकला नाहीत तर कोणीच टाकणार नाही, म्हणून नजर आपोआप पुढच्या वळणावर जाते. घाटाच्या रस्त्यावर वेगाची मर्यादा पाळायची असताना अर्ध्या सेकंदाला काही किंमत उरत नाही; किंमत आहे ती या आधी पाहण्याला, आणि मी परफॉर्मन्स मोजतो तो त्यावरून.

ग्राहकांचाही अनुभव याला पुष्टी देतो. २०१३ साली पोर्शेने जीटी३ मधून मॅन्युअल काढूनच टाकला. त्यावर चाहत्यांनी इतकी नाराजी व्यक्त केली, की २०१६ मध्ये कंपनीने केवळ मॅन्युअलमध्ये मिळणाऱ्या ९११ आर या प्रकारच्या एकूण ९९१ गाड्या काढल्या आणि २०१७ पासून जीटी३ मध्ये तो पर्याय पुन्हा दिला. तरीही मॅन्युअल कमी होत जाणार, हे स्वच्छपणे सांगतो. विजेच्या मोटारीला बहुधा एकच गिअर पुरतो. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये तर नसलेल्या आठ गिअरचा भास संगणकाने निर्माण केला आहे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे किंवा रोजच्या कोंडीमुळे जो टॉर्क कन्व्हर्टर घेतो, त्याने योग्यच निवड केली असे मी म्हणेन.

निवड करायची असेल तर चाचणीची फेरी पोवई नाक्यापुरती ठेवू नका. विक्रेत्याला विनंती करून गाडी यवतेश्वरला न्या, चौघे बसा, कारण एकट्या चालकाला घेऊन ताकदीची गाडी कुठलाही चढ चढते. चढताना एकदा पूर्ण थांबून पुन्हा निघा. उतरताना ऑटोमॅटिक गाडी ‘डी’ मध्ये असताना तुम्हाला ब्रेक किती वेळा दाबावा लागतो ते मोजा, मग तोच उतार पट्टीने दुसऱ्या गिअरवर ठेवून उतरा आणि पुन्हा मोजा. मॅन्युअल असेल तर तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना दांडा अडतो का, आणि ब्रेक दाबलेला असताना तुमच्या पायाची कड ॲक्सिलरेटरपर्यंत पोहोचते का, हे स्वतःच्या रोजच्या चपलेत नव्हे तर बुटात पाहा.